विश्लेषण : ट्रॅकवर वेळ कोणामुळे गेला, चालकामुळे की इंजिनामुळे? स्मार्टफोनमधील नोंदी काय सांगतात?

रोजच्या वापरातील गाडी रेसिंग ट्रॅकवर न्यायची, हेल्मेट घालून दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी परतायचे. ‘ट्रॅक डे’ची ही हौस भारतातही रुजते आहे. या हौशी चालकांच्या डॅशबोर्डवर हमखास दिसणारी वस्तू म्हणजे स्मार्टफोन. काहीशे रुपयांचा अडॅप्टर आणि एक ॲप एवढ्या भांडवलावर हा फोन इंजिनाचे फेरे, तापमान, वेग आणि फेरीची वेळ नोंदवतो. या नोंदींचा उपयोग केवळ मित्रांना स्क्रीनशॉट पाठवण्यापुरता आहे की त्यातून इंजिन वाचू शकते? हे तंत्र चालते कसे, ते कुठे फसवते आणि कोणता आकडा दिसला की ट्रॅकबाहेर पडावे, हे समजून घेऊ या.

ट्रॅक डे म्हणजे नेमके काय?

ट्रॅक डे ही शर्यत नसते. ट्रॅकचे चालक किंवा एखादा क्लब ठरावीक शुल्क घेऊन सामान्य चालकांना ट्रॅक खुला करून देतात. साधारण १५ ते २० मिनिटांची सत्रे होतात. ओव्हरटेक कुठे करायचे, झेंड्यांचा अर्थ काय, हे आधी समजावून सांगितले जाते. क्रमांक, बक्षीस असे काही नसते.

ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किमी लांबीचे आहे. २०११ ते २०१३ या काळात येथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या, तर २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किमीचे, तर कोइमतूरजवळील कारी मोटर स्पीडवे २.१ किमीचा आहे. मुंबई-पुण्यातील चालकाला यांपैकी कुठेही पोहोचायचे तर हजार-दीड हजार किलोमीटरचा प्रवास आहे. परतीचा प्रवासही त्याच गाडीने करायचा असल्याने ट्रॅकवर इंजिन बिघडणे परवडत नाही.

गाडीतील माहिती फोनपर्यंत येते कशी?

बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिक ‘स्कॅनर लावतो’, तो इथेच. या पोर्टमध्ये काडेपेटीएवढा अडॅप्टर बसवला की तो ब्लूटूथ किंवा वायफायवरून फोनशी बोलू लागतो. टॉर्क, रेसक्रोनो, हॅरीज लॅपटायमर, ट्रॅकॲडिक्ट ही या कामासाठी वापरली जाणारी काही परिचित ॲप्स.

संवाद प्रश्नोत्तरांचा असतो. ॲप विचारते, ‘इंजिनाचे फेरे किती?’ इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, दोन आकडे पाठवतो. समजा, ते २६ आणि २४८ आहेत. पहिल्याला २५६ ने गुणायचे, त्यात दुसरा मिळवायचा आणि उत्तराला चारने भागायचे. आले १७२६ आरपीएम. कूलंटचे तापमान त्याहून सोपे. आलेल्या आकड्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. हे प्रश्न आणि सूत्रे आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ठरलेली आहेत. त्यामुळे एकच ॲप वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत चालते.

हा पोर्ट मुळात कशासाठी आहे?

रेसिंगशी त्याचा काहीही संबंध नव्हता. कॅलिफोर्नियातील धुरक्याशी लढणाऱ्या तेथील हवा नियामक मंडळाने वाहनांनी स्वतःचे प्रदूषणविषयक बिघाड स्वतः ओळखावेत, असा आग्रह धरला. त्यातून आलेली ओबीडी-२ ही प्रणाली अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. भारतात बीएस-४ गाड्यांसाठी एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला.

हा इतिहास लक्षात ठेवण्याचे कारण आहे. पोर्ट धुरावर लक्ष ठेवण्यासाठी घडवला गेला, म्हणून धुराशी संबंधित माहिती तो सहज देतो. ट्रॅकवर इंजिनाच्या जिवावर बेतणाऱ्या काही गोष्टी मात्र या यादीत नाहीत. त्याकडे पुढे येऊच.

स्वस्त अडॅप्टरांचीही एक कथा आहे. एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातील छोट्या कंपनीने ‘ईएलएम ३२७’ ही चिप तयार केली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीतील प्रोग्रामला कॉपीपासून संरक्षण नव्हते. त्याच्या नकला झाल्या आणि जगभर पसरल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण त्या नावाचे अडॅप्टर आजही ऑनलाइन सर्वत्र मिळतात. त्यातील काही नीट चालतात, काही अर्ध्या फेरीत संपर्क तोडतात. वेष्टनावर छापलेल्या आवृत्तीच्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

वेळ कोणामुळे गेला, हे कसे ओळखायचे?

ट्रॅकवरून आलेला चालक पहिला प्रश्न विचारतो, ‘माझी वेळ का वाढली?’ बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : टायर गेले, गाडी दमली. फोनमधील नोंदी हे उत्तर तपासून पाहण्याची सोय देतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. समजा, चालकाची तिसरी फेरी २ मिनिटे ३२ सेकंदांची आणि सहावी २ मिनिटे ३५ सेकंदांची झाली. दोन्ही फेऱ्यांच्या नोंदी एकमेकींवर ठेवून हा पट्टा पाहायचा.

पहिली शक्यता : दोन्ही फेऱ्यांत थ्रॉटल एकाच जागी पूर्ण उघडलेला आहे, गिअरही तेच आहेत. पट्ट्याच्या सुरुवातीचा वेगही सारखा आहे. तरी शेवटी तिसऱ्या फेरीत वेग १७६ किमी होता, तो सहाव्या फेरीत १७० च भरला. त्याच वेळी इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान ४८ अंशांवरून ६७ अंशांवर गेले आहे आणि इग्निशन टायमिंगचा आकडा खाली आला आहे. म्हणजे चालकाने आपले काम चोख केले, ताकद इंजिनाची घटली. गरम हवा विरळ असते आणि गरम हवेत इंधन वेळेआधी पेटून ‘नॉकिंग’ होण्याचा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी ईसीयू ठिणगी थोडी उशिरा देतो. इंजिन वाचते, ताकद कमी होते. टर्बो पेट्रोल गाड्यांत उन्हाळ्याच्या दुपारी हे विशेष जाणवते.

दुसरी शक्यता : हवेचे आणि कूलंटचे तापमान जवळपास सारखेच आहे. मात्र, तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल अर्धा सेकंद उशिरा उघडला गेला. वळणात आधी जास्त वेगाने शिरल्यामुळे चालकाला थांबावे लागले. पट्ट्याची सुरुवातच कमी वेगाने झाली आणि तो तोटा पट्टाभर सोबत राहिला. इथे गाडीत खर्च करून काही साधणार नाही. ब्रेक लावण्याची जागा बदलायला हवी.

दोन्ही वेळा घड्याळात तीनच सेकंद दिसतात. उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत. पहिल्यात पुढच्या सत्राआधी गाडी थंड होऊ द्यायची, दुसऱ्यात चालकाने स्वतःकडे पाहायचे. थ्रॉटल, वेग आणि तापमान या तीन रेघा शेजारी ठेवल्या नसत्या तर हा फरक कळला नसता.

ॲपमध्ये सगळेच पर्याय निवडावेत का?

नवखे चालक इथेच अडकतात. ॲपमध्ये वीस-पंचवीस पर्याय दिसतात आणि सगळ्यांवर टिचकी मारली जाते. पण पोर्टवरचा संवाद प्रश्नोत्तरांचा आहे, हे विसरून चालत नाही. समजा, तुमचा अडॅप्टर सेकंदाला १० उत्तरे आणतो. तुम्ही १० गोष्टी विचारल्या, तर प्रत्येक आकडा सेकंदातून एकदाच ताजा होणार. त्या एका सेकंदात थ्रॉटल पूर्ण उघडून पुन्हा बंदही झालेला असू शकतो आणि गिअर बदललेला असू शकतो. नोंदीत त्याचा मागमूस राहत नाही.

त्यामुळे फेरे आणि थ्रॉटल या झपाट्याने बदलणाऱ्या दोन गोष्टी वारंवार विचाराव्यात. कूलंट आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान संथ बदलते. त्यांची विचारणा काही सेकंदांनी एकदा झाली तरी पुरे. काही ॲप्समध्ये असा प्राधान्यक्रम लावण्याची सोय असते. नसेल तर यादी चार-पाच गोष्टींपुरती ठेवणे उत्तम.

आणखी एक अडचण उशिराची. ओबीडीचे उत्तर फोनपर्यंत येण्यास किंचित वेळ लागतो. जीपीएसची नोंद वेगळ्या वेळी येते. दोन्ही रेघा जुळवल्या नाहीत, तर चालकाने ब्रेक लावल्यानंतरही थ्रॉटल उघडा होता, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. ॲपमध्ये ही वेळ पुढे-मागे करून जुळवता येते का, हे आधी पाहावे.

फोनचे जीपीएस पुरेसे आहे का?

फेरीची ढोबळ वेळ मोजण्यासाठी हो, बारकाव्यासाठी नाही. फोनमधील जीपीएस सहसा सेकंदाला एकच ठिकाण नोंदवते. ताशी १४४ किमी वेगाने गाडी एका सेकंदात ४० मीटर पुढे जाते. म्हणजे दोन नोंदींच्या मधले ४० मीटर ॲप अंदाजाने भरते. ब्रेक कुठे लावला, याचे उत्तर नेमके त्या ४० मीटरमध्ये लपलेले असते.

ब्लूटूथवर चालणारे स्वतंत्र जीपीएस उपकरण घेतले तर सेकंदाला १० किंवा २५ नोंदी मिळतात. त्याच वेगाला दोन नोंदींमधले अंतर अनुक्रमे चार मीटर आणि १.६ मीटर होते. यासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात, पण चालवण्यात सुधारणा करायची असेल तर पहिला खर्च इथे करणे योग्य.

वेगाच्या बाबतीत ओबीडीपेक्षा जीपीएस भरवशाचे. ओबीडीचा वेग चाकांच्या फिरण्यावरून काढलेला आणि पूर्णांकात असतो. चाक घसरले किंवा टायरचा आकार बदललेला असेल, तर तो आकडा फसवतो.

धोक्याची खूण कोणती?

ट्रॅकवर फोनचा सर्वांत मोलाचा उपयोग फेरीच्या वेळेपेक्षा कूलंटच्या तापमानासाठी आहे. अनेक गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त दिवा असतो. काटा असला तरी तो बऱ्याचदा मुद्दाम ‘शांत’ ठेवलेला असतो. कूलंट ८५ अंशांवर असो वा १०० अंशांवर, काटा मध्यावरच उभा राहतो, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. काटा हलू लागतो किंवा लाल दिवा लागतो, तेव्हा हाताशी फार वेळ उरलेला नसतो. ओबीडीवरचा आकडा मात्र अंशाअंशाने चढताना दिसतो.

बहुतेक गाड्यांत कूलंट ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान राहते. थोडे चढ-उतार नैसर्गिक आहेत. पाहायचे ते चढण. पहिल्या फेरीला ९६, दुसरीला १००, तिसरीला १०४, चौथीला १०८ असा क्रम दिसला, तर इंजिन जेवढी उष्णता तयार करते आहे तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही, असा त्याचा अर्थ होतो. इथे ‘अजून एक फेरी’चा मोह महागात पडतो. अति तापलेल्या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड वाकू शकते, हेड गॅस्केट जाऊ शकते, कूलंट इंजिन ऑइलमध्ये मिसळू शकते. तिथून पुढे गाडी टोइंगवरच निघते.

म्हणून ॲपमध्ये कूलंटसाठी आवाजी इशारा लावून ठेवावा. आपल्या गाडीचे नेहमीचे तापमान आधी दोन-तीन दिवस रस्त्यावर पाहून मगच इशाऱ्याचा आकडा ठरवावा. इशारा वाजला की वेग कमी करायचा, वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर गाडी चालवत वारा रेडिएटरला मिळू द्यायचा आणि पिटमध्ये यायचे. लाल दिवा लागला असेल, तर फेरी पूर्ण करण्याच्या भानगडीत न पडता सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करायचे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडायचे नाही. आत दाबाखाली असलेले कूलंट उसळून अंगावर येते.

फोनला काय दिसत नाही?

आता त्या न आलेल्या माहितीकडे. जोरदार वळणात इंजिन ऑइल संपच्या एका बाजूला ढकलले जाते. तळाशी बसवलेल्या पाइपला क्षणभर तेलाऐवजी हवा मिळाली, की ऑइलचा दाब कोसळतो आणि बेअरिंग कोरडी पडतात. ट्रॅकवर इंजिने निकामी होण्याचे हे एक जुने कारण आहे. पण ऑइलचा दाब ओबीडीच्या प्रमाणित प्रश्नांच्या यादीत नाही. अनेक गाड्यांत तर दाबाचा सेन्सर नसून केवळ चालू-बंद होणारा स्विच असतो. ऑइलच्या तापमानासाठी प्रश्न आहे, पण कित्येक गाड्या त्याला उत्तरच देत नाहीत.

ब्रेकचे तापमान, ब्रेक ऑइल उकळण्याच्या बेतात आहे का, पॅड किती उरले, टायरची अवस्था काय, यातले काहीही फोनला या पोर्टमधून कळत नाही. ब्रेकचे पेडल खोल जाऊ लागले तर स्क्रीनवरचे सगळे आकडे ठीक असले तरी सत्र तिथेच थांबवायला हवे. इलेक्ट्रिक गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. बॅटरीच्या तापमानासाठी प्रत्येक कंपनीची आपापली भाषा असल्याने सर्वसाधारण ॲपला ते वाचता येईलच असे नाही.

विमा, वॉरंटी आणि कायद्याचे काय?

आपल्याकडील मोटार विमा पॉलिसीत ‘वापराची मर्यादा’ असे एक कलम असते. आयोजित शर्यती, वेगाची चाचणी यांसाठीचा वापर त्यात वगळलेला असतो. ट्रॅकवर झालेल्या नुकसानीचा दावा मंजूर होईल, हे गृहीत धरू नये. उत्पादकांच्या वॉरंटीतही रेसिंगसाठी केलेला वापर सहसा वगळलेला असतो. म्हणजे वर सांगितलेले हेड गॅस्केट स्वतःच्या खिशातूनच बदलावे लागण्याची शक्यता अधिक. पॉलिसीचा कागद ट्रॅकचे शुल्क भरण्याआधी वाचलेला बरा.

हे सारे बंद ट्रॅकपुरते आहे. एक्स्प्रेस वेवर किंवा घाटात फोन लावून वेळ मोजणे हा गुन्हा ठरू शकतो. सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

पहिल्यांदा जाताना काय तयारी करावी?

• अडॅप्टर आधी तपासा. अनेक स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर अँड्रॉइडवर चालतात, पण आयफोनशी जुळत नाहीत. आयफोनसाठी वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा अडॅप्टर घ्यावा. घरीच जोडणी करून पाहावी.

• अडॅप्टर पायात येता कामा नये. पोर्ट पेडलजवळ असतो. सैल अडॅप्टर निसटून ब्रेकखाली अडकला तर अनर्थ होईल. बुटाचा धक्का लागत असेल, तर तो वापरू नये.

• फोन घट्ट बसवा. पूर्ण ब्रेकिंगमध्ये फोनवर त्याच्या वजनाएवढा जोर पुढच्या दिशेने येतो. डगमगणारा स्टँड फोन उडवतो, शिवाय फोनमधील गतीच्या सेन्सरच्या नोंदी निरुपयोगी करतो. आयोजकांचे नियम आधी विचारा. काही ठिकाणी केबिनमध्ये कोणतीही सुटी वस्तू चालत नाही.

• फोनलाही ऊन लागते. ॲपलने आयफोनसाठी वापराचे कमाल बाह्य तापमान ३५ अंश सांगितले आहे. काचेमागच्या उन्हात फोन त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि नोंदणी मध्येच बंद पडते. शक्यतो सावलीत, एसीच्या झरोक्याजवळ बसवावा.

• चालवताना स्क्रीन पाहू नका. नोंदणी पिटमध्येच सुरू करा. ट्रॅकवर फक्त आवाजी इशारा ऐकायचा, आलेख नंतर पाहायचे.

• फॉल्ट कोड पुसू नका. ‘चेक इंजिन’चा दिवा लागला तर ॲपमधून तो घालवता येतो, पण त्यासोबत बिघाडाच्या क्षणाच्या नोंदीही जातात. कोड लिहून ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा.

• शेवटची फेरी सावकाश. इंजिन, टर्बो आणि ब्रेक यांना थंड व्हायला वेळ द्या. पिटमध्ये तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.

• काम झाले की अडॅप्टर काढा. या पोर्टला बॅटरीचा पुरवठा सतत सुरू असतो. अडॅप्टर तसाच राहिला तर उभ्या गाडीची बॅटरी उतरू शकते. अनेक स्वस्त अडॅप्टरांचा पासवर्ड १२३४ असतो, तेव्हा तो कायम लावून ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरे नाही.

पहिल्या दिवशी फेरे, थ्रॉटल, कूलंट, हवेचे तापमान आणि जीपीएसचा वेग एवढ्या पाच गोष्टी नोंदवल्या तरी पुष्कळ. दोन सत्रांच्या मधल्या वेळेत सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट अशा दोनच फेऱ्या समोरासमोर ठेवून पाहाव्यात. तापमान चढते असेल तर पुढचे सत्र छोटे करावे किंवा सोडून द्यावे. ट्रॅक पुढच्या वेळीही तिथेच असेल, पण संध्याकाळी घरी नेणारी गाडी एकच आहे.